अनामत

कळवणच्या वाचनालयात माझ्या नावावर वीस रुपये अनामत जमा आहे. ती मी भरलेली नाही, माझ्या वडिलांनीही नाही. १९८३ च्या जूनमध्ये ग्रंथपाल नानांनी स्वतःच्या खिशातून दहाच्या दोन नोटा काढून गल्ल्यात टाकल्या आणि पावती माझ्या नावानं फाडली. मी तेव्हा सातवीत होते. त्या साली आमचा अर्धा कांदा चाळीतच सडला होता, त्यामुळे घरी वीस रुपये मागायची माझी छाती नव्हती. पावती हातात देताना नाना एवढंच म्हणाले, "नेशील तसं आणायचं. पान मुडपलेलं दिसलं तर कान उपटीन."

अनामत म्हणजे परत मिळायची रक्कम. सभासदत्व सोडलं, पावती दाखवली की पैसे घेऊन जायचे. मी सोडलंही नाही आणि मागितलेही नाहीत. आता मी नाशिकला एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून तीस वर्षं काढून निवृत्तीच्या दाराशी उभी आहे, तरी कळवणच्या त्या वहीत कुठंतरी माझं खातं उघडंच असणार.

नानांचं नाव लिहीत नाही. गावात ओळखतील ते ओळखतील. आमच्याकडे, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात, घरटी एक नाना असतोच. हे नाना वाचनालयाच्या उंबऱ्याच्या आत शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचे आणि चप्पल घातली की अहिराणीत शिरायचे. आत "आपल्याला कोणता ग्रंथ हवा आहे?" आणि बाहेर त्याच माणसाला "काय पाहिजे रे तुले?" पगार अनुदानावर. अनुदान आलं तर आलं, तेही सहासहा महिन्यांनी. १९६७ च्या कायद्यानं महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी मान्यता आणि अनुदान दिलं, पण ग्रंथालयासाठी वेगळा कर काही बसवला नाही. त्यामुळे ग्रंथपालाचं घर कशावर चालतं हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारत नव्हतं, आजही फारसं कुणी विचारत नाही. नानांचं घर बायकोच्या शिलाई मशीनवर चालायचं.

वाचनालय दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल, मागच्या खोलीत काचेची पाच कपाटं. गावोगावच्या वाचनालयांत पुस्तकं लावायची रीत साधी असते: दाखल नोंदवहीत जो नंबर पडला तो पुस्तकाचा, आणि कपाटांवर चिठ्ठ्या, कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, धार्मिक. वाचक येतो, 'ययाती' मागतो, घेऊन जातो. यात अडत काहीच नाही. पण नानांनी ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षा दिली होती आणि तिथं त्यांच्या कानावर मेल्विल ड्युई हे नाव पडलं होतं. मग त्यांनी नाशिकच्या रद्दीवाल्याकडून ड्युईच्या वर्गीकरणाची एक जुनी, पुठ्ठा गेलेली इंग्रजी प्रत मिळवली आणि कळवणचं वाचनालय जगाच्या रांगेला लावायचं ठरवलं. कार्यकारिणीतले लोक हसले. एक सभासद म्हणाले, "नाना, लोकांना गोष्टी पाहिजेत, पाढे नकोत."

माझी भरती इथं झाली. रविवारी दुपारी वाचनालय बंद असायचं, तेव्हा मी आणि नाना मागच्या खोलीत बसायचो. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवरून इंचभर पट्ट्या कापायच्या. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळ आणि कसर लागत नाही. खळ निवली की फिकट निळी दिसायची. बोटानं लावायची, कारण ब्रशानं जास्त बसते आणि पट्टी सुकताना सुरकुतते. पट्टी पुस्तकाच्या पाठीवर खालून दोन बोटं सोडून चिकटवायची आणि मग नाना काळ्या शाईत टाक बुडवून आकडे घालायचे. मोरचूद विषारी, म्हणून त्या दिवशी हात तीनदा धुतल्याशिवाय नानी मला भेळ द्यायच्या नाहीत.

आकड्यांचं गणित नानांनी मला बाजाराच्या भाषेत शिकवलं. सगळ्या ज्ञानाचे दहा ओटे. शून्याच्या ओट्यावर सटरफटर, शंभरावर तत्त्वज्ञान, दोनशेवर धर्म, तीनशेवर समाज, असं करत आठशेवर साहित्य आणि नऊशेवर इतिहास-भूगोल. प्रत्येक ओट्याचे पुन्हा दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा, आणि जागा संपली तर दशांशचिन्ह देऊन आणखी आत शिरायचं. "हे टिंब बघितलंस?" नाना म्हणायचे. "याच्या पलीकडे कितीही जागा आहे. कितीही पुस्तकं येऊ देत. कपाट भरेल, टिंब भरत नाही."

मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. त्यातली कादंबरी ८९१.४६३. इंग्रजी साहित्याला मात्र ८२० हा अख्खा आकडा, टिंबाच्या अलीकडचा. पातळ कादंबरीच्या पाठीवर सहा आकडे मावायचे नाहीत, मग नाना ते दोन ओळींत मोडायचे. आमच्या वाचनालयात इंग्रजी साहित्याची पुस्तकं मोजून सात होती आणि त्यांच्या पाठीवर तीन आकडे ऐटीत बसायचे. मराठीचं अख्खं कपाट टिंबाच्या पलीकडे दाटीवाटीनं. धर्माच्या ओट्यावर तर याहून गंमत. दोनशे वीसपासून जवळजवळ सगळे आकडे ख्रिस्ती धर्माला वाहिलेले, आणि जगातले उरलेले सगळे धर्म २९० या एका खणात. हिंदू धर्म २९४.५. नानांना याचा फार राग यायचा. "आपल्या गडावरची देवी," ते म्हणायचे, "साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ, आणि या साहेबानं तिला टिंबाच्या पलीकडे नेऊन बसवली." सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यात येतो, त्यामुळे हा अपमान नानांना घरचा वाटायचा. तरी आकडा त्यांनी बदलला नाही. नियम म्हणजे नियम.

ड्युईच्या गोष्टी नाना संतचरित्रासारख्या सांगायचे. १८५१ च्या डिसेंबरची दहा तारीख ही त्याची जन्मतारीख, म्हणून दहाचं वेड जन्मजात. सोळाव्या वर्षी शाळेला आग लागली, पुस्तकं बाहेर काढताना धूर छातीत गेला, आणि डॉक्टर म्हणाला की फार दिवस काढणार नाहीस. तेव्हापासून त्याला एक मिनिट वाया गेलेलं खपायचं नाही. वेळ वाचावा म्हणून त्यानं आपल्या नावातली जास्तीची अक्षरं काढून टाकली, काही काळ तर आडनावही उच्चाराबरहुकूम लिहायचा. (आपल्याकडे सावरकरांनी 'अ'ची बाराखडी चालवून पाहिली, त्यातलाच हा प्रकार.) अ‍ॅमहर्स्टच्या कॉलेजात रविवारच्या प्रवचनात बसलेला असताना त्याला दशांशाची युक्ती सुचली, असं त्यानंच पुढं सांगितलंय. नाना यावर खूश. "कीर्तनात लक्ष नव्हतं म्हणून गणित सुटलं." १८७६ साली, वयाच्या पंचविशीत, त्यानं चव्वेचाळीस पानांची पुस्तिका काढली, तिच्यावर स्वतःचं नावही घातलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्रंथपालांची संघटना उभी करण्यातही तो पुढं होता.

पण नानांची खरी कळी खुलायची ती बडोद्याच्या गोष्टीवर. सयाजीराव गायकवाड मूळचे गोपाळराव, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. म्हणजे आमच्या कसमादेचेच. शेतकऱ्याच्या घरातला, अक्षरओळख नसलेला बारा वर्षांचा पोरगा १८७५ साली दत्तक जाऊन राजा झाला, आणि राजा झाल्यावर त्यानं पोरांना सक्तीनं मोफत शिकवायला घेतलं. आधी अमरेलीकडे प्रयोग करून, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात. शिकलेली पोरं पुढं वाचणार काय, म्हणून १९१० साली त्यानं अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. हा बॉर्डन ड्युईच्या ग्रंथपालांच्या शाळेत शिकवून आलेला माणूस. तीन वर्षांत त्यानं बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, ग्रंथपालांचा वर्ग काढला, गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. पेट्या फिरवायची कल्पना ड्युईनं न्यूयॉर्क राज्यात आधीच राबवलेली होती. बडोद्याहून ग्रंथालयावर एक त्रैमासिक निघायचं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीतून. नाना हे सगळं सांगून झालं की माझ्याकडे बघायचे. "आलं लक्षात? ड्युईकडून बॉर्डन, बॉर्डनला आणणारा कवळाण्याचा, आणि कवळाणं काय लांब आहे? आपण ड्युईच्या भावकीतलेच."

या भावकीच्या जोरावर मी पुणे विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राला गेले. घरी कुणाला हे शास्त्र असतं हे पटत नव्हतं. "पुस्तकं द्यायची-घ्यायची यात शिकायचं काय?" वडिलांचा प्रश्न. नाना घरी येऊन ओसरीवर दोन तास बसले, चहा तीनदा झाला, आणि शेवटी वडील हो म्हणाले ते मला वाटतं नानांना जेवायला थांबवावं लागू नये म्हणून. पुण्यात पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर ८९१.४६ लिहून विचारलं हे काय, आणि वर्गात एकटा हात माझा वर गेला. तोवर वर्गात मी फक्त माझ्या हेलावरून ओळखली जात होते.

वर्गात आम्ही मुली जास्त होतो. ते का, याचं उत्तरही ड्युईपाशी जातं हे तिथं कळलं. १८८७ च्या जानेवारीत त्यानं न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची पहिली शाळा उघडली. वीस विद्यार्थी, त्यात सतरा बायका. कॉलेजच्या विश्वस्तांना बायका नको होत्या, त्यांनी वर्गखोली दिली नाही. ड्युईनं एक कोठीघर साफसूफ करून त्यात शाळा भरवली. दोन वर्षांत त्याला तिथून बाहेर पडावं लागलं, तर तो शाळा घेऊन ऑल्बनीला गेला. हे ऐकून मी वहीच्या समासात त्या कोठीघराचं चित्र काढलं होतं, त्यात मागच्या बाकावर एक वेणीवाली मुलगी.

कोलंबियाची आणखी एक गाठ आहे. १९१३ साली त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याला ग्रंथालयं बांधून बॉर्डन परतला तेच हे साल. आणि १९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्या ग्रंथालयांच्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, आणि तिथूनही लोक काठ्या घेऊन काढायला आले. नाना बॉर्डनची गोष्ट सांगताना इथपर्यंत कधी आले नाहीत. मीही त्यांना विचारलं नाही.

२०१९ च्या जूनमध्ये आमच्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक बातमी फिरली. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या परिषदेनं ठराव करून आपल्या मानाच्या पदकावरून मेल्विल ड्युईचं नाव काढायचं ठरवलं होतं. कारणं तीन: वंशद्वेष, ज्यूद्वेष आणि स्त्रियांशी गैरवागणूक. गटावर पहिलं उत्तर आलं ते असं: "मग आता काय सगळ्या पुस्तकांचे नंबर खोडायचे का?" त्याखाली हसरे चेहरे. मीही एक टाकला असेन. नंतर रात्री झोप लागेना, म्हणून वाचत गेले. पुढं वेन विगँड यांनी १९९६ साली लिहिलेलं त्याचं चरित्र मिळवलं, आणि महिनाभर तेच.

लेक प्लॅसिड नावाच्या डोंगरी गावात १८९५ साली ड्युईनं एक क्लब काढला होता. थकल्याभागल्या शिक्षकांनी, ग्रंथपालांनी स्वस्तात विसावा घ्यावा ही कल्पना. त्या क्लबच्या नियमातच छापलेलं होतं की ज्यू लोकांना, आणि वंशावरून ज्यांच्यावर आक्षेप असेल अशांना सभासद म्हणून किंवा पाहुणा म्हणूनही घेतलं जाणार नाही, कुणासाठी अपवाद करता येणार नाही. त्या वेळी हा माणूस न्यूयॉर्क राज्याचा ग्रंथपाल, म्हणजे ज्यूंच्याही कराच्या पैशावर पगार घेणारा. १९०४ मध्ये तिथल्या ज्यू पुढाऱ्यांनी अर्ज केला, १९०५ मध्ये त्याला जाहीर समज दिली गेली, आणि त्याच वर्षाअखेर तो त्या पदावरून गेला.

त्याच १९०५ सालची दुसरी गोष्ट. ग्रंथालय संघटनेचं पोर्टलंडचं अधिवेशन संपल्यावर ग्रंथपालांची सहल बोटीनं अलास्काला गेली. त्या दहा दिवसांत त्यानं ज्या बायकांच्या अंगाशी लगट केली त्यांतल्या चौघींनी तक्रार केली. त्या साध्यासुध्या नव्हत्या, संघटनेतल्या मानाच्या बायका होत्या. पुढच्या वर्षी ज्या संघटनेच्या जन्माला तो होता, तिच्या कामातून त्याला बाजूला व्हावं लागलं. गाजावाजा मात्र होऊ दिला नाही. १९३० मध्ये एका जुन्या लेखनिक बाईनं केलेला दावा त्यानं पैसे देऊन मिटवला: दोन हजार एकशे सत्तेचाळीस डॉलर आणि सहासष्ट सेंट. अखेरच्या सेंटापर्यंत हिशोब. पुढच्या वर्षी, डिसेंबरात, तो गेला; आणि त्याच १९३१ साली मद्रासच्या रंगनाथनांचं ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचं पुस्तक आलं. आमच्या परीक्षेत या दोन गोष्टी 'जोड्या लावा'मध्ये यायच्या.

आणखी एक वावडी त्याच्याबद्दल फिरते, की शाळेच्या अर्जात तो बायकांच्या छातीचं माप विचारायचा. तिला पुरावा नाही. उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग विचारायचा आणि फोटो मागायचा, एवढं खरं. मला हे एवढंही पुरेसं आहे. पण खोट्या आरोपाचा आधार घ्यायची गरज नाही, हेही मला नोंदवून ठेवावंसं वाटतं, वर्गीकरणाची सवय. आणि हेही, की बायका शिकलेल्या असून कमी पगारात काम करतील हा हिशोब त्याच्या उदारपणात पहिल्यापासून होता. नानींचं शिलाई मशीन मला त्या ओळीवर आठवलं.

अलास्काच्या बोटीवर मी फार वेळ अडले. कारण पंचविशीत असताना मी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात उमेदवारी केली होती. तिथले एक ज्येष्ठ गृहस्थ, विद्वान, शिकवण्यात हातखंडा. ग्रंथ कसा तपासायचा, शीर्षकपृष्ठाच्या मागचं पान आधी का बघायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले ते आजही विद्यार्थ्यांना तसंच सांगते. आणि आम्ही मुली एकमेकींना सांगून ठेवायचो, दुपारी तळघरातल्या मांडण्यांकडे एकटी जाऊ नको, गेलीस तर पाठ भिंतीकडे ठेव. त्या पलीकडे कुणी काही केलं नाही. त्यांच्या निरोप समारंभात हार घालायला मलाच उभं केलं होतं, आणि मी घातला.

म्हणजे मला दशांश देणारा, बायकांसाठी कोठीघर उघडणारा आणि त्याच बायकांना बोटीवर छळणारा, हा एकच माणूस. ऋणानुबंध हा शब्द आपण लग्नपत्रिकेत आणि निरोपाच्या भाषणात फार गोड करून टाकलाय. त्यात 'ऋण' आधी आहे. सावकार कसा आहे यावरून कर्ज कमी होत नाही, हे आमच्या शेतकरी घराला कुणी शिकवायला नको. पण म्हणून सावकाराच्या फोटोला हार घालायचा का? पदकावरचं नाव काढलं हे मला योग्य वाटलं. नंबर राहिले हेही.

नंबरांचंही सगळं आहे तसं राहिलेलं नाही. हॉवर्ड विद्यापीठातल्या डोरोथी पोर्टर या काळ्या ग्रंथपाल बाईंना १९३० च्या सुमारास असं दिसलं, की काळ्या लेखकांची पुस्तकं, मग ती कविता असो की आणखी काही, ग्रंथालयं एक तर ३२५ म्हणजे वसाहती किंवा ३२६ म्हणजे गुलामगिरी या खणात टाकतात. त्यांनी ती तिथून उचलली आणि कवितेत कविता, इतिहासात इतिहास अशी लावली. कुणाला विचारायला थांबल्या नाहीत.

हे वाचताना मला नानांची ती पुठ्ठा गेलेली प्रत आठवली. जुन्या आवृत्त्यांत तीनशे नव्वदीच्या खणात चालीरीती यायच्या. ३९५ शिष्टाचार. ३९६ स्त्रिया, त्यांचं स्थान आणि त्यांना दिली जाणारी वागणूक. ३९७ जिप्सी, भटके, बहिष्कृत वंश. ३९८ लोककथा. म्हणजे जेवणाच्या टेबलावर काटा कुठल्या हातात धरायचा याच्या पुढं बायका, त्यांच्या पुढं बहिष्कृत, आणि मग भुताखेतांच्या गोष्टी. आता मधले दोन्ही आकडे रद्द झालेत. बायका ३०५.४ ला गेल्या. ३९६ आणि ३९७ या खोल्या रिकाम्या ठेवल्यात, कुलूप लावून.

नानांनी मात्र नियम म्हणजे नियम या न्यायानं आदिवासींवरची जी काही पुस्तकं आमच्याकडे होती ती ३९७ ला लावली होती. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० ला आलं, तेही नंतर तिथंच गेलं. पट्टी मी चिकटवली. आकडा नानांनी घातला. देवी टिंबापलीकडे गेली म्हणून चिडणारे नाना ३९७ लिहिताना अडखळले नाहीत, आणि ज्या तालुक्यात निम्म्याहून जास्त लोक कोकणा, भिल्ल, महादेव कोळी, त्या तालुक्यात आम्ही दोघांनी त्यांना बहिष्कृतांच्या खणात बसवून काच लावून घेतली.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

माझ्या वर्गात कनाशीकडच्या पाड्यावरची एक मुलगी होती, कोकणा, मुलींच्या वसतिगृहात राहायची. गणितात माझ्यापुढं. १९८४ च्या पावसाळ्यात एकदा शाळा सुटल्यावर ती माझ्याबरोबर वाचनालयात आली. दोघी भिजलेल्या. नानांनी मला फडकं दिलं, तिलाही दिलं. मी माझी पुस्तकं बदलली. तिनं कपाटाच्या काचेवर बोट ठेवून एक पुस्तक मागितलं. नाना म्हणाले, "अनामत भरावी लागेल, वीस रुपये." तिच्याकडे नव्हते. मी नानांकडे बघितलं. मला वाटलं आता ते खिशात हात घालतील. नाना माझ्याकडे न बघता रजिस्टर लावत म्हणाले, "वसतिगृहाची पुस्तकं परत येत नाहीत. इथं बसून वाच, कोण नको म्हणतंय?" ती टेबलापाशी बसली, वर्तमानपत्र उघडलं, पाऊस उघडल्यावर उठली. पुन्हा कधी आली नाही.

नाना गेले त्याला आता बारा वर्षं झाली. शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं, मी भेटायला गेले तर मला त्यांनी विचारलं, "सभासद आहात का?" त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी आजही भांडेन. आणि ती दुपार मी कुणाला सांगितलेली नव्हती, ड्युईची बातमी येईपर्यंत. क्लबचा नियम वाचताना मला न्यूयॉर्क दिसलंच नाही, ते रजिस्टर लावणारे हात दिसले.

ती मुलगी आता अभोण्याच्या पुढं चणकापूरच्या बाजूला एका आश्रमशाळेत मुख्याध्यापिका आहे. मागच्या वर्षी १२ ऑगस्टला, रंगनाथनांच्या जयंतीला, तिनं मला मुलांपुढं बोलायला बोलावलं. मी शंभर पुस्तकं नेली होती, एका लोखंडी पेटीत. मुलांना आकड्यांची गंमत सांगितली, दहा ओटे, टिंब. ड्युईबद्दलही सांगितलं, दोन्ही बाजू, मुलांना झेपेल तेवढी. एका पोरानं विचारलं की मग त्याला तुरुंगात टाकलं का. नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.

कार्यक्रम झाल्यावर तिच्या खोलीत चहा घेताना मी तो विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी नानांनी तुला पुस्तक दिलं नाही, मला फार वर्षं लागून राहिलंय. नाना तसे वाईट नव्हते, मी सांगायला लागले, पण त्यांना काही गोष्टी दिसायच्याच नाहीत...

तिनं बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला. "नानांचं काय घेऊन बसलीस? मला अशी शंभर माणसं भेटली. त्या माणसानं निदान फडकं तरी दिलं."

मग थोड्या वेळानं, अगदी सहज, घरातल्या माणसाला विचारावं तसं म्हणाली, "पण तुझ्याकडे कार्ड होतं ना गं? दोन पुस्तकं मिळायची तुला एका वेळी. दप्तरात असायची, मी बघायचे. त्यातलं एक मला का नाही दिलंस कधी?"

कळवणपासून त्या शाळेपर्यंत येताना गाडीत मी नानांच्या वतीनं काय बोलायचं ते वाक्य न् वाक्य जुळवलं होतं. माझ्या वतीनं काहीच जुळवलं नव्हतं.